काजव्याचा तिसरा भाग

जासई, १४ जानेवारी २०२५

चि. स्नेहा,

तिळगूळ पाठवलाय. गोड बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव.

डबा आणि पत्र तुझ्या काकांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, हाती देते आहे, ते ट्रेलर घेऊन पनवेलवरूनच जातात. फोनवर बोलायची सोय तू ठेवलीच नाहीस. मी लग्नाचं नाव काढलं रे काढलं की तू म्हणतेस, "आत्या, आजी ऐकतेय," आणि फोन ठेवतेस. खांदा कॉलनीतल्या त्या एवढ्याशा खोलीत माझी आय ऐकणार नाही तर काय भिंत ऐकणार? म्हणून कागदावर लिहिते. अंगणवाडीत पोरांना अक्षरं गिरवायला लावण्यात माझा जन्म गेला, तेव्हा माझं अक्षर तुला लागेल.

आता मुद्द्याचं. माझा भाऊ कमलाकर, म्हणजे तुझा बाप, गणपतीनंतर गेला. येत्या सप्टेंबरात वर्ष होईल. बाप गेल्यावर लेकीचं लग्न वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, ही आपली रीत तुला ठाऊक आहे. तीन वर्षांनी तू अठ्ठावीसची होशील आणि तुझ्या वाट्याला टक्कल पडलेले उरतील. आमच्या आळीतला कल्पेश चांगला आहे. कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, सुपारीसुद्धा खात नाही. आणि त्याच्या आईने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, की पोरीबरोबर तिच्या आजीलाही मागच्या खोलीत ठेवून घेऊ. तुझी आई तुझ्या लहानपणीच गेली, आता बापही गेला, आयला बघायला तुझ्याशिवाय कोण आहे? असं स्थळ दिवा घेऊन शोधलंस तरी सापडायचं नाही.

रविवारी टीव्हीवर तुझ्या त्या काजव्याचे दोन्ही सिनेमे लागोपाठ लागले होते. माझ्या लेकाने, प्रणितने, मला जबरदस्तीने बसवलं. तू आणि कमलाकर ज्याच्यामागे वेडे होतात तो हिरो आहे तरी कसला, बघू म्हटलं. अंगातून उजेड निघतो म्हणून आधी किती उनाड! मंडपात रंगीबेरंगी उजेड पाडून टाळ्या घेत बसतो आणि तिकडे त्याचा लाइनमन भाऊ खांबावर शॉक लागून मरतो. मग कुठे अक्कल येते. दुसऱ्या भागात बघ कसा ताळ्यावर आलाय. वहिनीचं सिलिंडर खांद्यावर, म्हाताऱ्या आईचं औषधपाणी, वर अख्ख्या शहराच्या हाका. एका शब्दाने कुरकुर नाही. तुला एवढा आवडतो ना तो? मग त्याच्याकडून काहीतरी घे. घरातलं माणूस गेल्याशिवाय कुणी मोठं होत नाही. तुझा बाप गेलाय. हो आता मोठी.

तुझी
दमयंती आत्या


खांदा कॉलनी, १९ जानेवारी

ती. आत्यास नमस्कार,

तिळगूळ आजीने लपवून खाल्ला. साखर तपासली तर मशीनने नुसतं 'हाय' असं दाखवलं. पुढच्या वेळी पाठवशील तर माझ्या हातात द्यायला सांग.

काजवा बघितलास हे वाचून बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. पहिला भाग मला पप्पांनी दाखवला होता. भाऊ खांबावरून पडतो तिथे पप्पा शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते आणि मी त्यांना हसले होते. पप्पांचा अपघात झाला त्या दिवसापासून मला ते हसू रोज आठवतं. तू मात्र त्याच सिनेमातून माझ्यासाठी कल्पेश शोधून काढलास. कमाल आहे तुझी.

आत्या, मी खारघरला स्टुडिओत जाते म्हणजे काय करते ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. काजवा उडतो तेव्हा त्याच्या कमरेला तारा बांधून क्रेनने वर ओढलेलं असतं. त्या तारा मी कॉम्प्युटरवर पुसते. प्रत्येक चित्रातून, एकेक करून. तिसऱ्या भागाचं काम आता आमच्याकडे चालू आहे. ते संपलं की मला कायम करणार आहेत. सकाळी आजीची आंघोळ, डायपर, नाश्ता उरकून निघते. दिवसभर शेजारच्या जनीमावशी डोकावतात. परवा आजी गॅस चालू ठेवून झोपली होती.

लग्नाचं राहू दे. मला एकच मदत कर. मेपर्यंत, तिसरा भाग लागेपर्यंत, आजीला तुझ्याकडे ठेव. तुझं घर मोठं आहे, अंगण आहे. ती तुझीही आई आहे.

तुझी
स्नेहा


जासई, २ फेब्रुवारी

चि. स्नेहा,

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. आईने लेकीच्या दारात जाऊन राहायचं? आमच्या आयने माझ्या लेकीच्या, मोनालीच्या, जन्मापर्यंत माझ्या घरचा पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि तू तिला गाठोड्यासकट माझ्या ओट्यावर बसव म्हणतेस. सासरचे लोक म्हणतील, दमयंतीच्या माहेरी दिवा लावायला कुणी उरलं नाही वाटतं. मी दिलेली लेक. तू त्या घरातली. आय तुझ्या वाट्याची आहे.

आणि तारा पुसायचा पगार देतात? मग इकडे ये, मी माशा मारायचा देते.

रागावू नकोस, पण खरं ते सांगते. कमलाकरने तुला फुलासारखं जपलं. तुझ्या आईच्या मागे त्याने दुसरी बायको केली नाही, कारण तुला सावत्र आई नको. आयने भाकऱ्या थापल्या, त्याने ट्रेलर हाकले, आणि तू सिनेमे बघितलेस. आता तुझी पाळी आली तर तुला आत्याचं अंगण आठवलं. दुसऱ्या भागात तो काजवा आईला सोडून शेजाऱ्यांकडे गेला का? उडायची ताकद असून जिन्याने सिलिंडर चढवतो, कारण ओझं अंगावर घ्यावं लागतं हे त्याला उमगलेलं असतं. तू त्याच्या तारा पुसतेस, पण त्याच्यातलं काही तुला लागलेलं दिसत नाही.

कल्पेशच्या आईला मी होकार कळवलाय. तुझा नाही, माझा.

आत्या


खांदा कॉलनी, ९ फेब्रुवारी

आत्या,

तुझा होकार तुझ्याजवळ ठेव.

तू दोन भाग बघून मला शहाणपण शिकवतेस, तर तिसऱ्यात काय होतं ते ऐक. हे कुणालाही सांगायचं नाही. मी करारावर सही केलीय, शब्द बाहेर गेला तर माझी नोकरी त्याच दिवशी जाईल. तुला सांगते कारण तू दुसऱ्या कशाने ऐकणार नाहीस.

पहिल्या भागात त्याला राग आलेला असतो. आठव, भावाला खांबावर चढवणाऱ्या त्या ठेकेदाराचं घर तो पेटवून देतो. भावाच्या दुःखाचं त्याने तेव्हा नुसतं जळण केलं. दुसऱ्या भागात त्याला अपराधी वाटत असतं, म्हणून दिसेल ते ओझं उचलत सुटतो. तुला ते मोठं होणं वाटलं. आत्या, ती त्याने स्वतःला दिलेली शिक्षा होती. आणि लोकांना काय, त्यांना बरंच असतं. ज्याला अपराधी वाटतं त्याच्या खांद्यावर आणखी एक पोतं ठेवायला कुणाची ना असते?

तिसऱ्या भागात शहराला त्याची सवय झालेली असते. जिना अंधारा आहे, बोलवा काजव्याला. मांजर गच्चीवर अडकलं, बोलवा काजव्याला. शेवटी तो टाकीवर उभा राहतो, खाली अख्खं शहर हाका मारत असतं, आणि तो म्हणतो, नाही. एवढंच. अंगातला उजेड विझवतो आणि अंधारात चालत निघून जातो. त्या शॉटमधल्या तारा मी पुसल्यात. पूर्ण झाला तेव्हा आमच्या खोलीत सगळ्यांनी तो पुन्हा लावून बघितला. तिथे तो मोठा होतो आत्या, तुझ्या सिलिंडरपाशी नाही.

म्हणून माझंही नाही. कल्पेशला नाही, वर्षाच्या आत नाही आणि तीन वर्षांनंतरही नाही.

स्नेहा


जासई, १९ फेब्रुवारी

चि. स्नेहा,

पत्र पोचलं. किती छान लिहितेस गं, शाळेत तुझा निबंध नेहमी पहिला यायचा.

प्रणितला वाचायला दिलं, त्यालाही फार आवडलं. त्याने तुझ्या पत्राचा फोटो मोबाइलवर कुठेसा टाकलाय. पुष्कळ लोक बघतायत म्हणे. बहिणीचं नाव झालं म्हणून खूश आहे पोर.

सुके बोंबील पाठवले आहेत. आयला काटा काढून दे.

तुझी
आत्या


खांदा कॉलनी, १ मार्च

आत्या,

त्या फोटोत माझं अक्षर आहे. वर त्याने लिहिलंय, "माझी मामेबहीण काजवा-३ वर काम करते, शेवट वाचा." खाली माझं नाव दिलंय, आणि स्टुडिओ कुठे आहे तेही. काढायला सांगितलं तोवर तो हजारो मोबाइलांवर फिरला होता.

मला कामावरून भर खोलीत उठवलं. बाजूच्या मुलाला सांगितलं, हिची राहिलेली चित्रं तू पूर्ण कर. बाहेर पडताना वॉचमनने माझी पिशवी उलटी करून बघितली. त्यात आजीचे डायपर होते. सकाळी येताना घेतलेले. तो लाजला, मी नाही लाजले. माझ्यात लाजायला काही उरलं नव्हतं.

घरी आले तर आजी म्हणाली, "आज लवकर आलीस गो बाय." खूश होती.

मला एवढंच सांग, तू ते पत्र प्रणितला चुकून दिलंस ना? तू घाईत नीट वाचलं नसशील. तसं असेल तर तसं लिही. मी विश्वास ठेवीन.

स्नेहा


जासई, ९ मार्च

स्नेहा,

मी आयुष्यात चुकून काही दिलेलं नाही. मीठसुद्धा मोजून देते.

नीट वाचलं होतं. दोनदा वाचलं. शब्द बाहेर गेला तर नोकरी जाईल असं तूच लिहिलं होतंस, आणि ज्याच्यावर उभी राहून तू नाही म्हणतेस तो तुझ्या पायातला दगड कुठे आहे ते मला तेव्हा कळलं. प्रणितला मी म्हटलं, वाच, आणि सांग तुझ्या दोस्तांना, बहीण केवढ्या मोठ्या सिनेमात आहे. त्याला बिचाऱ्याला करारबिरार काय ठाऊक. त्याला दोष देऊ नकोस, दे मला. माझं अंग त्याने झिजत नाही.

वाईट वाटलं का, असं तू विचारणार. वाटलं. एक दिवस जेवण गेलं नाही. पण पोराच्या तोंडात कडू औषध घालताना आई रडत बसली तर पोर मरतं. तुझा काजवा नाही म्हणून निघून जातो, कारण तो सिनेमात आहे. त्याला भाडं नाही, आजी नाही, वर्षश्राद्ध नाही. तुला आहे. आता नोकरीही नाही. कशाच्या जोरावर नाही म्हणशील?

येत्या तेवीस तारखेला, रविवारी, कल्पेशकडची मंडळी माझ्या घरी येतील. पाडव्याच्या आत बोलणी उरकू. मोरपंखी साडी नेस, ती तुला खुलते. सुतक-दुःख चेहऱ्यावर घेऊन येऊ नकोस, लोकांना वाटतं मुलगी आजारी आहे.

आत्या


खांदा कॉलनी, २० मार्च

ती. आत्यास सा. न.

तू जिंकलीस. मी थकले.

रविवारी येते. आजीलाही घेऊन येते, ती मागची खोली तिलाही बघू दे. तिच्या कपड्यांची आणि औषधांची पिशवी बरोबर असेल, साडी कधी बदलावी लागेल सांगता येत नाही. पाहुणे नक्की किती वाजता येतात ते काकांजवळ कळव. उशीर झालेला बरा दिसणार नाही.

तुझी
स्नेहा


जासई, २६ मार्च

स्नेहा,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे, म्हणजे लाज लवकर पोचेल. तुझा फोन लागत नाही, माझ्या मोबाइलवरून नाही, प्रणितच्याही नाही. खोलीला कुलूप. जनीबाईंच्या पुढे हात जोडले तेव्हा त्यांनी हैदराबादचा पत्ता दिला.

पाहुणे ओटीवर बसले होते. कल्पेशची आई, दोन काका, एक वहिनी. पोह्यांच्या बश्या हातात. दारात रिक्षा थांबली. मी मनात म्हटलं, आली पोर, सुटले. तू उतरलीस ती जीन्स घालून. आयला धरून आणलंस, ओट्यावर बसवलंस, पिशवी तिच्या मांडीवर ठेवलीस, तिच्या कानात काही बोललीस. मग सगळ्यांना हात जोडून नमस्कार केलास आणि त्याच रिक्षाने गेलीस. रिक्षावाल्याने इंजीनसुद्धा बंद केलं नव्हतं.

आय सगळ्यांकडे बघून हसत होती. म्हणाली, "माजी पोर रविवारी मना न्याला येनार हाय. तवर लेकीकरं रव्हाचा." कल्पेशच्या आईने बशी खाली ठेवली. म्हणाली, "दमयंतीवहिनी, पोरगी नाय म्हनत व्हती त आमाला आदी सांगाचा व्हता." आणि उठून गेल्या. पोहे तसेच राहिले. आता आळीत तोंड दाखवायची चोरी झालीय.

तुझ्या बापाने तुला हे शिकवलं? म्हातारीला ओझ्यासारखी टाकून गेलीस. शिव्या मला दे, तिला का शिक्षा? ती रोज विचारते, आज कुठला वार.

दमयंती


हैदराबाद, ६ एप्रिल

आत्या,

बापाने नाही शिकवलं. तू शिकवलंस. पायातला दगड कुठे आहे ते बघायचं आणि तिथेच हात घालायचा. तुझा दगड मला लहानपणापासून माहीत होता. लोक काय म्हणतील.

आई लेकीच्या दारात राहू नये म्हणालीस. आता राहतेय. आभाळ पडलं का?

इथे स्टुडिओ मोठा आहे. मराठी कुणी वाचत नाही, म्हणून माझं पत्रही कुणी वाचलेलं नाही. दिवसभर तारा पुसते, संध्याकाळी खोलीवर येऊन झोपते. कुणाला भरवायचं नाही, कुणाचं धुवायचं नाही. पहिल्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली की सकाळी उठून मी रडले, मला इतकं बरं वाटत होतं.

आजीला सकाळी भात देऊ नकोस. इन्सुलिन पोटावर द्यायचं, दंडावर नाही, तिथे कातडी राहिलेली नाही. झोपायच्या आधी टाचांना खोबरेल चोळ, नाहीतर भेगांतून रक्त येतं. हे सगळं मी रोज करत होते आणि तू दर सणाला येऊन बघून जात होतीस.

ती विचारेल तेव्हा सांग, रविवारी येते. कुठल्या ते सांगू नकोस. तिला दिवसांचा हिशोब राहात नाही, मी काही येणार नाहीये हे तिला कळायचंही नाही.

स्नेहा


जासई, ४ मे

स्नेहा,

आय गेली. काल बारावं झालं.

जनीबाईंना मुद्दाम कळवलं नाही, नाहीतर त्यांनी तुला फोन केला असता. प्रणितला तुझा नवा नंबर त्याच्या कुठल्या मित्राकडून मिळाला होता, मी त्याला शपथ घातली. तू नाही म्हणायला शिकलीस ना, मीही म्हटलं, हिला कळवायचं नाही.

हे पत्र साध्या पोस्टाने टाकते आहे. पोचेल तेव्हा पोचेल, आता घाई कसली.

पाणी प्रणितने दिलं. नातवाने दिलं, नात नव्हती. लोकांनी विचारलं, मी सांगितलं, ती सिनेमात आहे.

दमयंती


हैदराबाद, १७ मे

आत्या,

तुझं पत्र काल मिळालं. टपाल वॉचमनकडे पडून होतं, मी जाता-येता बघत होते पण बिल असेल म्हणून उचललं नाही.

ती ज्या दिवशी गेली त्या दिवशी मी काय करत होते ते आठवायला बघतेय. आठवत नाही. साधाच दिवस असणार. डबा खाल्ला असेन, कुणाशी तरी हसले असेन.

मी तुला एक गोष्ट लिहिली नव्हती. इथे मी खोली बघून ठेवलीय. तळमजल्यावर, कमोड आहे, दिवसा सांभाळायला एक बाईही ठरवली. येणार नाही असं तुला लिहिलं ते खोटं होतं, पंधरा जूनला तिला न्यायला येणार होते. खोली एप्रिलमध्येच मिळत होती. मी मुद्दाम जून म्हटलं. तू अजून थोडं भोगावंस, तुझ्या आळीने तुला अजून थोडं बोलावं, म्हणून. तुझ्यासाठी लांबवलेले दिवस तिचे होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मला शिव्या दे, मी वाचीन. पण दोन गोष्टी सांग. ती कशाने गेली? माझ्याकडून निघाली तेव्हा चांगली होती, साखर दोनशेच्या आत होती. आणि शेवटी तिने माझं नाव घेतलं का?

तिची एक साडी माझ्यासाठी ठेव. कुठलीही. फाटकी चालेल.

स्नेहा


जासई, २८ मे

स्नेहा,

साड्या आळीत वाटल्या. एकही उरली नाही. उरली असती तरी दिली नसती.

तुझा सिनेमा मी बघितला. पनवेलला जाऊन, तिकीट काढून, प्रणितच्या बाजूला बसून. काजवा टाकीवर उभा राहतो, नाही म्हणतो, उजेड विझवतो, चालत जातो. इथपर्यंत तू मला लिहिलं होतंस. पुढचं लिहिलं नव्हतंस. अंधारातून चालत तो घरी जातो. म्हातारी आई मरायला टेकलेली असते. तो तिच्या उशाशी बसतो, तिचा हात हातात घेतो आणि अंगात उरलेला एवढासा उजेड तिला तोंड दिसावं म्हणून लावतो. शहराला नाही म्हणाला तो तिच्यासाठी. तू त्याच सिनेमाच्या तारा पुसत होतीस, तुला माहीत होतं. मला अर्धंच सांगितलंस. माझ्या बाजूची एक बाई हुंदके देत होती. मी उठून बाहेर आले आणि जिन्यावर बसून राहिले.

माझ्या डोळ्यांपुढे आपल्या घरचं चित्र होतं. मी तिला घरात घेत नव्हते आणि तू तिला घरात ठेवत नव्हतीस.

ती कशाने गेली विचारतेस, तर ऐक. पहिले दोन रविवार ती सकाळीच पिशवी भरून ओट्यावर येऊन बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माजी पोर येनार हाय." ऊन आलं तरी आत यायची नाही. म्हणायची, "पोर आली न मी दिसली नाय त परत जाईल." तिसऱ्या रविवारच्या आधी तुझं पत्र आलं. त्यात लिहिलं होतंस, खोटं सांग, तिला कळायचंही नाही. मला इतका राग आला, की तिसऱ्या रविवारी मी तिच्या पुढ्यात बसले आणि तुझं पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून. तुला किती गाढ झोप लागली तेही. कुणाला धुवायचं नाही तेही. येणार नाहीस तेही.

तिला सगळं कळलं. तिला दिवसांचा हिशोब नव्हता, माणसांचा होता. तिने पिशवी उघडली, साड्या एकेक काढून खुंटीवर टांगल्या आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या दिवसापासून ती जेवली नाही. मी भरवायला गेले तर दात घट्ट. टाचांना खोबरेल लावलं, लावू दिलं. इन्सुलिन पोटावरच दिलं, तू लिहिलं होतंस तसं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मी मान डोलावली.

नाव घेतलं का विचारतेस. तुझं नाही घेतलं. माझंही नाही. शेवटचे दोन दिवस ती नुसती तुझ्या बापाला हाका मारत होती, "कमल्या, ए कमल्या, घरा ने मना." आणि दर हाकेला कमलाकरच्या जागी मीच ओ देत होते, ती माझ्याकडे बघत नव्हती म्हणून ते खपत होतं.

दमयंती